अर्धा पुकारा

धक्क्याच्या पायऱ्यांपाशी जिची लॉन्ड्री आहे, ती इस्त्रीवाली. तिचा राग मी जवळून पाहिलाय. भडकून विझणारा नव्हे तो, राखेखालचा निखारा.

नदीपलीकडे मोठं शहर, अलीकडे आम्ही. आमच्यात निम्मी घरं एक भाषा बोलतात, निम्मी दुसरी. म्हणून रिवाज असा, की घर विकायचं तर आधी धक्क्यावर दोन्ही भाषांत पुकारा करायचा. ज्याची हरकत असेल त्याने पुढं यावं. पुकारा अर्धा राहिला तर व्यवहार मोडतो, आणि पुकारणाऱ्याचं काम कायमचं जातं.

पुकारणारा होता तिचा धाकटा दीर. आवाज घंटेसारखा, मन गाळासारखं. वहिनी दुसऱ्या भाषेची. ती लेकीशी आपल्या भाषेत बोलली की हा ताटावरून म्हणायचा, “चिवचिव पुरे. माणसांसारखं बोला.” नवऱ्याकडे बघून तिने गिळलं. नवरा गेला, आणि दिराने दोघा भावांच्या हिश्शाचं घर लॉन्ड्रीसकट विकायला काढलं.

ती कपडे पोचवायला शहरात गेलेली पाहून त्याने पुकारा उरकला, फक्त आमच्या भाषेत. आम्हाला वाटलं, दुसरा संध्याकाळी होईल. झालाच नाही.

पाववाल्या मावशीने तिच्या कानावर घातलं. “अगं, बसलीस काय? जा, बोंब मार!”

“आज बोंब मारली तर उद्या भावजी नीट पुकारतील, मावशी.” तिने कॉलरवर पाणी शिंपडलं. “पिकू दे.”

आणि तिने पिकू दिलं. दिराचे शर्टसुद्धा ती कडक इस्त्री करून देत राहिली. त्याने इसाराचे पैसे शहरातल्या खोलीत घातले, मित्रांना चहा पाजला, छाती काढून फिरला.

ताबा द्यायच्या दिवशी गिऱ्हाईक सामान घेऊन धक्क्यावर उतरलं. किल्ली पुढं झाली, तेव्हा ती पायरीवर उभी राहिली. “आमच्या भाषेतला पुकारा कुणी ऐकलाय?”

तिच्या माणसांतून एकही मान हलली नाही.

दीर हसला. “वहिनी, तुम्हाला आमची भाषा येते की!”

“तिला येते रे,” आमच्यातले एक म्हातारे नावाडी म्हणाले, “पण रिवाजाला अर्धं चालत नाही.”

व्यवहार मोडला. गिऱ्हाइकाने सगळ्यांदेखत त्याची गचांडी धरली. नावाडी तिला म्हणाले, “पोरी, रिवाजात एवढीच सूट आहे, तू माफ केलंस तर त्याचं काम राहील.”

दिराने हात जोडले. “वहिनी, पाया पडतो. पुकारण्याशिवाय मला दुसरं काय येतं?”

तिने त्याला पुरतं न्याहाळलं. घाई नव्हतीच तिला.

“कपडे पिळायला येतील, भावजी. उद्या सकाळी या.”

लोक म्हणतात, बाईने ताणलं. मी म्हणतो, हात राखूनच केलं. दुसऱ्या दिवशी तो आला, बाह्या दुमडून. तिने चादरींच्या टपाकडे बोट दाखवलं आणि लेकीशी बोलत राहिली, आपल्या भाषेत, मोठ्याने.