आपापलं ताट

मी नाकाने कांदे सोलते, असं आमच्या सोसायटीत माझ्याबद्दल बोललं जातं. ते खोटं नाही. वाघोलीत पाणी टँकरने येतं आणि तरी लोक पाइप धरून गाड्या धुतात. हे बघून ज्यांचं डोकं फिरत नाही त्यांचं मला नवल वाटतं. मी बादलीत पाणी घेऊन आंघोळ करते, फिल्टरमधून वाया जाणारं पाणी फरशी पुसायला ठेवते, स्कूटर विकून दोन-दोन बस बदलत फिरते. कॉलेजात मी इंजिनिअरिंग शिकवते, आणि तिथली पर्यावरण समितीही माझ्याच गळ्यात आहे, कारण बाकी कुणाला ती नको होती. एकदा एक पाहुणे वक्ते येऊन सांगून गेले की नेतृत्व म्हणजे स्वतःपासून सुरुवात. सुरुवात करून मला सहा वर्षं झाली होती. मागे वळून पाहिलं तर कुणीच नव्हतं. सोसायटीत मी पालथ्या घड्यावर पाणी ओतत होते, तेही टँकरचं.

म्हणून मी ठरवलं, परक्यांना शिकवणं पुरे, आता आपल्या माणसांत काही करून दाखवू. आपली माणसं म्हणजे खडकीतल्या बुद्धविहारातली. वडील दारूगोळ्याच्या कारखान्यात होते आणि माझं लहानपण तिथल्या क्वार्टरमध्ये गेलं. वडील वारले तरी आई अजून खडकीतच, स्टेशनमागच्या दोन खोल्यांत एकटी राहते. कारण एकच, विहार चालत पाच मिनिटांवर आहे. माझ्याकडे वाघोलीला राहायला ये म्हटलं की म्हणते, तिथं माणसं कुठं राहतात, लिफ्टा राहतात.

बुद्धपौर्णिमेला विहारात वंदना झाली की दोन-अडीचशे माणसं जेवतात. पुरीभाजी, मसालेभात, खीर. आणि जेवणं उरकली की मागच्या भिंतीशी चंदेरी कागदी ताटं, द्रोण आणि प्लास्टिकचे पेले यांचा ढीग लागतो. कुत्री तो विस्कटतात, निम्मा उडून शेजारच्या नाल्यात जातो, आणि पावसाळ्यात तोच नाला तुंबला की हीच माणसं महापालिकेच्या नावाने बोटं मोडतात. दरवर्षी तो ढीग पाहून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. सकाळी कुणाला इजा करणार नाही म्हणून शील घ्यायचं आणि दुपारी नाल्याचा गळा आवळायचा.

त्या वर्षी तयारीच्या बैठकीत मी उठून बोलले. विहाराचे अध्यक्ष वडिलांबरोबर कारखान्यात होते, मी त्यांना काकाच म्हणते. ते म्हणाले, ताई शिकलेल्या आहेत, त्या सांगतील तसं करू. मला एवढंच हवं होतं. मी तिथल्या तिथे विहाराच्या ग्रुपवर मेसेज टाकला, ‘यंदा कचरा नको. जेवायला येताना प्रत्येकाने आपापलं ताट, वाटी आणि पेला घरून घेऊन यावा.’ खाली अंगठ्यांची आणि जोडलेल्या हातांची रांग लागली. अंगठा म्हणजे होकार, अशी माझी समजूत होती. या वयातही माणूस किती भाबडा असतो.

मेसेज मी आईला दाखवला. तिनं चष्मा लावून तो दोनदा वाचला, चष्मा काढला, आणि आपण यंदा पौर्णिमेला जेवायला येणार नाही असं सांगून ताटातले तांदूळ निवडायला लागली. माझा विश्वासच बसेना. खिरीचं पातेलं सकाळपासून तिच्या ताब्यात असतं. वडील गेले त्या वर्षीसुद्धा ती पंगतीत बसली होती, घरात रडायचं ते घरात, म्हणून. मी कारण विचारलं. गुडघे दुखतात म्हणाली. मी आले तेव्हा ती स्टुलावर चढून माळ्यावरचा डबा काढत होती.

मग मी तिला भाषण दिलं. नाला, प्लास्टिक, पुढच्या पिढ्या, सगळं झालं. तिनं ते शांतपणे ऐकून घेतलं आणि चहा टाकू का विचारलं. मी म्हणाले की तुम्ही म्हाताऱ्या माणसांनी न बदलायची शपथच घेतली आहे. आणि चहा न घेता निघाले. बसमध्ये पूर्ण रस्ताभर मी तिच्याशी मनातल्या मनात भांडत होते, आणि मनातल्या भांडणातसुद्धा ती उत्तर देत नव्हती.

पौर्णिमेला मी खांद्याच्या पिशवीत स्टीलचं ताट घेऊन पोहोचले. वंदना झाली, जेवणाची रांग लागायला लागली, आणि मी बघत राहिले. आयटीत काम करणारी तरुण मंडळी हात हलवत आली होती. ताई, सॉरी, पार विसरलो. त्यांच्यातल्या चौघांनी तेवढे डबे आणले होते आणि त्यांचे फोटो काढणं चालू होतं. पण मला लागलं ते दुसरंच. आईच्या बरोबरीच्या सहा-सात बायका वंदनेला पहिल्या रांगेत होत्या. रांग लागली तशा त्या पांढऱ्या साड्या सावरत उठल्या, चपला घातल्या आणि घरी निघून गेल्या. कुरबूर नाही, तक्रार नाही. मी एकीला दारात गाठून विचारलं, तर तिनं माझ्या गालावरून हात फिरवला आणि जेव बाळा, म्हणाली.

अध्यक्षांनी भरलेल्या पातेल्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून चंदेरी ताटांचे गठ्ठे मागवले. मी त्यांच्यासमोर उभी राहिले. ठरलं होतं ना काका, मी म्हणाले. ते आवाज न चढवता म्हणाले, “ताई, माणसं उपाशी जायला लागलीत.” गठ्ठे आले, फुटले, वाटले गेले. मी माझ्या स्टीलच्या ताटात एकटी जेवले. मागच्या भिंतीशी ढीग वाढत होता, नेहमीइतकाच.

डब्यात खीर घेतली आणि तशीच आईकडे गेले. दारातूनच सुरुवात केली. त्या बायकांना उठून जायला तूच सांगितलं होतंस का? माझं हसू करायचं होतं का? तिनं आधी मला बसवलं, पाणी दिलं. मग म्हणाली, त्यांना सांगायला कशाला लागतं.

आणि तिनं मला ते सांगितलं जे चाळीस वर्षांत एकदाही सांगितलं नव्हतं. तिचं माहेर नगर रस्त्यावर, आमच्या वाघोलीच्याही बरंच पुढे. ती पाच-सहा वर्षांची असताना गावातल्या मोठ्या घरी लग्न निघालं की आमच्या लोकांना सगळ्यात शेवटी निरोप यायचा. जेवायला या, येताना आपापली भांडी आणा. तिची आई जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, थाळ्या पदराखाली घेऊन निघायची. बसायचं गोठ्यापलीकडे, उकिरड्याच्या कडेला. वाढणारा वरून टाकायचा, पळी थाळीला लागू नये म्हणून. आमटी हातावर उडायची आणि भाजायचं, पण थाळी हलवायची नाही. जेवून झालं की थाळ्या ओढ्यावर नेऊन धुवायच्या, कारण विहीर त्यांची. मग आमच्या वस्तीने धम्म घेतला. त्या दिवशी तिच्या वडिलांनी घरात सगळ्यांना बसवून एकच गोष्ट सांगितली, की आजपासून कुणाच्या दारात आपलं ताट घेऊन जायचं नाही. ते पुढे कितीतरी लग्नांना उपाशी राहिले, पण ताट घेऊन गेले नाहीत.

“जेवायला बोलावणाऱ्यानं ताट द्यायचं असतं,” आई म्हणाली. “घरनं ताट आण म्हणतो, तो बोलावत न्हाय. वाढून वाटेला लावतो.”

मला काय वाटलं ते नीट सांगता येणार नाही. लाज वाटली. पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त रागच आला. माझ्या मेसेजचा, त्यातल्या ‘घरून’ या शब्दाचा, आणि आईचासुद्धा. मी विचारलं, हे मला आधी का नाही सांगितलंस, मी काय परकी आहे? ती म्हणाली, “तुला सांगायला लागू नये म्हणून तर खडकीला आलो.”

तरी मी बोलले, कारण गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही. म्हटलं, बरं, माझं चुकलं. पण नाल्याला यातलं काही कळत नाही. त्यात प्लास्टिक गेलं की तो तुंबणारच. मग काय, दरवर्षी तो ढीग बघत बसू? मला वाटलं, आता ती चिडेल. तर तिनं यावर आधीच विचार करून ठेवला होता. ताटं विहाराची असू देत म्हणाली, स्टीलची, समद्यांना सारखी. मी म्हटलं, आणि अडीचशे ताटं घासणार कोण? ती नुसती माझ्याकडे बघत राहिली. माझं मलाच कळेपर्यंत बघत राहिली.

“उंटावरनं शेळ्या हाकायच्या असल्या तर मेसेज बरा हाय,” ती म्हणाली. “ताट घासायचं आसंल तर खाली बसावं लागतं.”

ताटं घेण्यात वर्ष गेलं. अडीचशे ताटं ही साधी गोष्ट आहे असं ज्याला वाटतं त्याने एकदा विहाराच्या बैठकीला यावं. कप्प्यांची ताटं की साधी, यावर तीन बैठका झाल्या. ती ठेवायचं कपाट कुठल्या भिंतीला लावायचं यावरून दोघांनी एकमेकांशी बोलणं टाकलं. अखेर ताटं आली, साधी, आणि कपाट कुणालाच नको होतं त्या भिंतीला लागलं. घासायला कोण येणार, असं ग्रुपवर विचारल्यावर अकरा अंगठे आले. पौर्णिमेला प्रत्यक्ष तिघं आली, त्यातल्या एकाने फोटो काढला आणि त्याला फोन आला म्हणून तो गेला. शिवाय कुणीतरी पुण्य म्हणून सीलबंद पाण्याच्या बाटल्यांचे चार बॉक्स आणून ठेवले. मी ओरडले. ऊन फार आहे ताई, म्हणून लोक बाटल्या घेऊन गेले.

विहाराच्या मागे नळाजवळ मी पाटावर बसले. एका घमेल्यात खरकटं, एका टबात साबणाचं पाणी, एकात साधं. नळ सोडून धुवायचं नाही हे मी दोघींना तीनदा बजावलं. पन्नासेक ताटांनंतर कंबर बोलायला लागली. आतून वाढण्याचा आवाज येत होता, आणि आईचाही, खीर पातळ झाली म्हणून कुणाला तरी सुनावत होती. ती पहिल्या पंगतीला बसली होती, हे मी मघाशीच दारातून डोकावून पाहिलं होतं.

थोड्या वेळाने ती मागे आली, हातात ताट घेऊन. आई कुठेही जेवली तरी उठल्याबरोबर आपलं ताट स्वतः धुते. माझ्या घरीसुद्धा. मी कितीदा हातातून ओढून घ्यायला गेले, ती सोडत नाही, परक्यासारखी सिंकशी उभी राहते. मला वाटायचं, हा नीटनेटकेपणा आहे. आताही ती खाली बसणार म्हणून मी सरकून जागा केली. ती बसली नाही. वाकून तिनं ते ताट माझ्यासमोर ठेवलं, नळाखाली फक्त हात धुतले आणि पदराला पुसले.

“माझं उष्टं हाय,” ती म्हणाली. “नीट घास.”

आणि आत पंख्याखाली जाऊन बसली. तिच्या मागोमाग गेल्या वर्षी निघून गेलेल्या बायका एकेक करून आल्या. प्रत्येकीने आपलं ताट माझ्यासमोर ठेवलं, हात धुतले आणि त्या आत गेल्या. हातभार लावते असं एकीनेही म्हटलं नाही. मीही कुणाला थांबा म्हटलं नाही.