आमच्या डोक्यावरचे तेलसाहेब

अख्ख्या कॉलनीच्या केसांची काळजी वाहणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या डोक्यावर एक केस नव्हता. कानांच्या वर थोडी झालर होती, तीही ते दर महिन्याला उडवून टाकत. भोपाळला कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहिलेल्या कोणाही मराठी माणसाला तेलसाहेब म्हटलं की आधी ते चकचकीत डोकंच आठवेल. "तुमच्या तेलानं तुमचे का नाही आले?" हे विचारण्याची हिंमत फक्त नव्यानं बदलून आलेले लोक करत. साहेब जराही न ओशाळता म्हणत, "मला ज्ञान उशिरा झालं हो. म्हणून तर तुम्हाला वेळेवर गाठतोय." हे ते इतक्या गंभीरपणे सांगत की विचारणाराच ओशाळून बाटली घेऊन घरी जाई.

साहेब मात्र ते खरेखुरे होते. इन्स्पेक्शन विभागाचे मोठे अधिकारी. त्यांच्या सहीशिवाय एकही यंत्र गेटाबाहेर पडत नसे. पोलादातलं त्यांना खरंच कळायचं. नुसती टिचकी मारून ते आतली चीर सांगतात, असं बाबा कौतुकानं म्हणायचे. मूर्खपणा आमचा, की ज्याला पोलाद कळतं त्याला माणूसही कळतो असं आम्ही धरून चाललो. कॉलनीचा कायदाच तसा होता. कारखान्यात जो वरचा, तो भजनातही वरचा आणि औषधातही. त्यांच्या बायकोच्या गिचका झालेल्या पोह्यांनासुद्धा कोणी नावं ठेवत नसे, तर तेलाला कोण ठेवणार?

ते तेल दर रविवारी त्यांच्या बंगल्याच्या मागच्या अंगणात कढायचं. माका, आवळा, जास्वंद, मेथी इथपर्यंत ठीक होतं, पण शेवटी कांद्याचा रस पडायचा. वारा आमच्या बाजूचा असला की आई वाळत घातलेले कपडे धावत जाऊन आत आणी. तेलाबरोबर उपदेश मिळायचा. भोपाळचं पाणी, सकाळची पोहे-जलेबी, शांपू, साफ नसलेलं पोट, उत्तरेला डोकं करून झोपणं, एवढ्या सगळ्यांनी केस गळतात. आणि मुलींचे, फार वाचल्यानं. "डोकं तापलं की मूळ सुटतं. मुळापासून विचार करा!" हे वाक्य तर ते लग्नाच्या पंगतीतही सोडत नसत.

दोन्ही हातांची नखं एकमेकांवर घासली की केस वाढतात, हा त्यांचा आणखी एक शोध. साहेब राउंडला निघाले की इन्स्पेक्शनमधली मोठमोठी माणसं हातातलं काम ठेवून नखं घासायला लागत. साहेब गेले की थांबत. बढतीच्या दिवसांत घासण्याचा जोर वाढायचा. बाबा हे घरी हसत हसत सांगायचे, पण घासत तेही होते.

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना माझे केस जायला लागले. कंगव्यात, उशीवर, वरणाच्या वाटीत. मनगटाएवढी वेणी करंगळीएवढी झाली. बाबा साहेबांच्या हाताखाली चार्जमन. बोलण्याच्या ओघात त्यांच्या तोंडून हे निघून गेलं आणि त्याच संध्याकाळी साहेबांची स्कूटर आमच्या दारात उभी राहिली.

"बघू गं," म्हणून त्यांनी माझ्या डोक्यातला एक केस खसकन उपटला, खिशातून ऑफिसचं भिंग काढून त्याचं टोक निरखलं आणि जाहीर केलं, "मूळ कमजोर. रिजेक्ट!" मग स्वतःच खो खो हसले. बाबाही हसले. मला त्या दोघांचाही इतका राग आला की चहाचा ट्रे मी टेबलावर आदळला.

तेव्हापासून आठवड्यातून एकदा तपासणी सुरू झाली. तेल लावलंय की नाही हे ते माझ्या डोक्याशी नाक नेऊन, वास घेऊन ठरवत. अठरा वर्षांच्या मुलीचं डोकं हुंगणाऱ्या या माणसाला आमच्या घरात कोणी काही म्हणत नव्हतं. आई एकदा म्हणाली, "अहो, तिला मळमळतं त्या वासानं." बाबा म्हणाले, "साहेबांनी दिलंय." विषय संपला. बसमध्ये माझ्या शेजारची जागा रिकामी राहायची, तिकडेही कोणाचं लक्ष नव्हतं.

केस जातच राहिले, आणि माझं दुसरंच काहीतरी सुरू झालं. कॉलेजातून आले की बूट न काढता झोपायची. एप्रिलच्या उकाड्यात मला शाल लागायची. आवाज घोगरा झाला, चेहरा सुजला. साहेबांनी यावरही निदान केलं. "आळस! केसांचं आणि आळसाचं मूळ एकच." मिठानं मुळं सैल होतात म्हणून त्यांनी माझं मीठ तोडलं. दूध बंद केलं. मी अळणी भाजी समोर घेऊन रडत बसायची, आणि हा माणूस आमच्याच खुर्चीत बसून आमचीच खारी शंकरपाळी खात मला संयम शिकवायचा.

शेजारच्या शुक्ला भाभी एकदा विरजण मागायला आल्या. मी भिंतीला टेकून बसले होते. माझ्याकडे बघत त्या आईला म्हणाल्या, "दीदी, बिटिया का गला देखिए ज़रा। सूजा है न? तेल बाद में लगाती रहिएगा, पहले डॉक्टरनी को दिखाइए।" आईनं माझ्या गळ्यावरून हात फिरवला आणि तिचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी बाबांना न सांगता ती मला दवाखान्यात घेऊन गेली.

डॉक्टरीणबाईंनी डोक्याकडे पाहिलंच नाही. मला पाणी प्यायला लावून गळा बघितला, रक्त तपासायला पाठवलं. थायरॉइड निघालं. रिपोर्ट बघून त्या चिडल्याच. "इतने दिन क्या कर रहे थे आप लोग?"

आई म्हणाली, "तेल लगा रहे थे।"

"और देर करते, तो बालों की नहीं, बच्ची की फ़िक्र करनी पड़ती।"

रोज सकाळी उपाशीपोटी एक बारीकशी गोळी. बस. तेलाची बाटली आईनं त्याच दिवशी मोरीत उपडी केली. बाबांनी ते पाहिलं आणि रिपोर्ट उचलून वाचायला घेतला. साहेबांना मात्र कोणी काही सांगितलं नाही. परीक्षा आहे, अभ्यास आहे अशा सबबींवर आईनं त्यांना माझ्या डोक्यापासून लांब ठेवलं. अंगात जोर आला, आवाज सुटला, आणि हळूहळू केसही आले.

गणपतीत मंडळाच्या हॉलमध्ये साहेबांचं व्याख्यान होतं, केस आणि आरोग्य. समोर सगळी कॉलनी. मध्येच त्यांनी मला स्टेजवर बोलावलं, माझी वेणी हातात धरून उंच केली आणि म्हणाले, "ही पाहा! पाठकांची मुलगी. टक्कल पडायची वेळ आली होती. हा माझ्या तेलाचा पुरावा!" टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत एक बाई आपल्या लेकीला कोपरानं ढोसत होती, आणि ती लेक, मी तेव्हा दिसायचे तशीच, पिवळी, सुजलेली दिसत होती.

मी काही बोलणार तोच मागून बाबांचा आवाज आला. साहेबांसमोर ते कधी नीट उभेसुद्धा राहत नसत. "साहेब, हे खरं नाही. तेलानं तिचं वर्ष वाया गेलं. तिला थायरॉइड होतं, गळा सुजला होता. ती गोळीनं बरी झाली. कोणाची मुलगी अशी असेल तर आधी डॉक्टरकडे न्या." साहेबांनी माझी वेणी सोडली. कोणीतरी घाईघाईनं आरती सुरू केली.

आता बाबांची बढती गेली, असं आम्ही धरून चाललो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी स्कूटर दारात आली. आई उंबरठ्यातच उभी राहिली. साहेब आत आले नाहीत. तिच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत, कधी नव्हे त्या हळू आवाजात त्यांनी विचारलं, "गळा कुठं सुजला होता गं?"

मी आईच्या मागे सरकले.

"आमची बेबी नागपूरला दिलीय," ते म्हणाले. "लग्न झाल्यापासून केस जातायत तिचे. सारखी झोपते म्हणून सासरचे कटकट करतात. मी तिला समज दिली, आळस सोड म्हणून. तेल पाठवतोय सारखं."

मला या माणसाचा तिरस्कार होता, आणि तो त्या क्षणीही होता. पण मी आईच्या बाजूनं पुढे झाले, मान वर केली आणि बोट ठेवून दाखवलं. भिंगाशिवाय, हात न लावता, ते बघत राहिले. मग चष्मा काढून पुसला आणि कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथकडे चालत गेले. स्कूटर आमच्या दारातच राहिली.

बूथचं दार नीट लागत नसे, आणि लांबच्या फोनवर साहेब ओरडूनच बोलत. आम्ही फाटकात उभे राहून ऐकलं. "बेबी, तेल फेकून दे. ऐकतेस ना? आरशासमोर जा. गळ्यावर हात फिरव. नाही गं, रागावलेलो नाही. तू आळशी नाहीस, बाळा. माझं चुकलं. आधी गळ्यावर हात फिरव."