गाळलेलं पाणी

निपाणीच्या स्टँडवर उतरलं, की गाव दिसण्याआधी तंबाखूचा दर्प भेटतो. उग्र, गोडसर, थेट घशात उतरणारा! बेळगावहून रोज येऊनही माझं स्वागत शिंकेनंच होतं. गंध म्हणजे नुसता गंध असतो का? न विचारता तो देहात शिरतो आणि त्याला हवं ते आपल्याकडून करवून घेतो. हल्ली मला त्याची जरा धास्तीच वाटते.

इथल्या कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवते. गेल्या हिवाळ्यात मुलांना सूक्ष्मदर्शकाखाली एक एकपेशीय जीव दाखवायचा होता. एरवी इवल्याशा मुखानं जिवाणू टिपणारा हा निरुपद्रवी प्राणी. पण जिवाणूंहून मोठ्या एखाद्या भक्ष्याच्या अंगातून पाझरलेलं रसायन पाण्यात मिसळलं, की त्याची काया नव्यानं घडू लागते आणि काही तासांत त्या मुखाच्या जागी प्रचंड विवर उघडतं. भक्ष्यानंच आपला भक्षक घडवावा, केवढं हे क्रौर्य! सकाळी त्या पाण्यात भक्ष्य सोडायचं काम मी सन्मतीला दिलं. जवळच्या मळ्यातल्या जैन शेतकऱ्याची ही अबोल मुलगी. हा विषय तिनं घरी भांडून मिळवला होता.

दुपारी भिंगातून पाहिलं आणि मी चरकले. विवरं उघडली होती, भक्ष्य मात्र एकही नव्हतं. आणि ती भुकेली तोंडं अजून इवल्या मुखाच्याच राहिलेल्या आपल्या धाकट्या भावंडांना गिळत होती. ‘काय केलंस गं?’ मी विचारलं. सन्मती पुटपुटली, ‘कागदातनं गाळून घातलं मॅडम. वर ऱ्हायलेलं जीव परत बरणीत सोडलं. नुसतं पाणी दिलं तर कोण मरणार न्हाय, म्हटलं.’ पाणी गाळून प्यायचं आणि गाळण्यातले जीव पुन्हा विहिरीत सोडायचे, हा तिच्या घरचा नेम. तिनं भक्ष्य वाचवलं होतं, पण त्याचं रसायन कागदातून खाली उतरलं होतं.

हे समजून घ्यायचं सोडून मी संतापले. तिचा आवाज कापू लागला आणि, खरं सांगते, तो जितका कापला तितकी माझ्या जिभेला धार चढली. एवढी दया येत असेल तर विषय सोड, असं मी भर वर्गात म्हणाले. ‘म्हंजे माझ्यामुळंच खाल्लं का ओ त्येनी एकमेकास्नी?’ एवढंच विचारून ती दप्तर उचलून गेली. तिच्या भीतीचा वास मला लागला होता. कधीपासून दडून होतं हे विवर माझ्यात? मला माझीच लाज वाटली.

तीन दिवस ती आली नाही. मी ते जीव रोज स्वच्छ पाण्यात हलवत राहिले. रसायन उरलं नाही, की पुढची पिढी पुन्हा इवल्या मुखाची निपजते. चौथ्या दिवशी ती दाराशी उभी दिसली. मी खुर्ची सोडली. ती भिंगावर वाकली, बराच वेळ वाकूनच राहिली. ‘ल्हान झाली ओ तोंडं,’ ती म्हणाली. ‘चुकलं माझं, सन्मती,’ मी म्हणाले. ‘व्हय,’ ती म्हणाली.

आज सकाळी स्टँडवर पुन्हा तोच दर्प आला. आजही वर्गात कुणीतरी चुकेल, कुणाचा तरी आवाज कापेल. तेव्हा माझं काय होईल, हे मला अजून छातीठोकपणे सांगता येत नाही. म्हणून सन्मतीला मी पहिल्या बाकावर बसवलं आहे. भिंगातून बघावं तशी ती माझ्याकडे बघत असते.