धुक्यातली चौथी हाक

माझी रेमिहिया मावशी दिसायचं बंद झाल्यावर गळ टाकायला शिकली. त्याआधी तिला मासे नुसते खायला आवडायचे. पाराना नदीवर आमच्या अंध मंडळाचा लाकडी धक्का आहे. शनिवारी दुपारी मी सगळ्यांना गाडीतून आणते, आकड्यांना मक्याचे दाणे लावते आणि गप्प बसते. तिथे नियम त्यांचे. गळ फेकण्याआधी आपलं नाव घ्यायचं, शेजाऱ्याने ‘टाक’ म्हणायचं, मगच दोरी सोडायची. नाहीतर एकाचा आकडा दुसऱ्याच्या कानात. मंडळातल्या निकानोरच्या कानाला भोक आहे ते असंच पडलेलं. तो सांगतो, डूल घालायला पाडलं.

ओळीत शेवटी मावशीचा नवरा फेलिसियानो बसायचा. गेल्या वर्षीच्या पुरात धक्क्याचं टोक तुटलं, त्या फळ्यांसोबत तोही गेला. प्रेत मिळालं नाही. पाद्री म्हणाले, प्रार्थना करून टाकू. मावशी म्हणाली, “आधी माणूस आणून द्या. मग काय ती प्रार्थना करा.” तेव्हापासून ती तुटक्या टोकापाशीच बसते. पुढे मी आडवा दोर बांधलाय. दोरापलीकडे फक्त पाणी.

यंदा जूनमध्ये, ऐन थंडीत, भर दुपारी धुकं उतरलं. मलाही हातातला ‘माते’ नावाच्या कडू चहाचा पेला धड दिसेना.

“आता कळलं?” निकानोर मला म्हणाला. “ये, बस आमच्या ओळीत.”

मग त्याने नाव घेतलं. “टाक,” त्याच्या शेजारचा ओडिलोन म्हणाला. ओडिलोनला मावशीने ‘टाक’ दिलं. शेवटी मावशीने नाव घेतलं, तिच्या पलीकडे कुणी नाही म्हणून ओडिलोननेच तिलाही दिलं. तिच्या गळाची शिशाची गोळी पाण्यात पडली.

आणि दोरापलीकडून आवाज आला, “फेलिसियानो.”

आवाज साधाच होता, आपला नंबर आलेल्या माणसाचा.

“ओडिलोन, तुझी थट्टा असेल तर बघ,” निकानोर कुजबुजला.

“मी तुझ्या शेजारी आहे, मूर्खा. हात लाव.”

“फेलिसियानो,” परत आलं.

मावशी उभी राहिली. मी तिचा दंड धरला. “मावशी, पुढे फळी नाहीये.”

“मला माहीत आहे कुठे काय आहे. सोड. तो ताटकळलाय.”

“रेमिहियाबाई, उत्तर देऊ नका,” निकानोर म्हणाला. “टाक म्हटलं की तो ओळीत आला. मग त्याला उठवणार कोण?”

“उठवायचंय कुणाला?” मावशी म्हणाली. मग नदीकडे तोंड करून, रोज जेवायला हाक मारावी तशी, “टाक रे.”

पाण्यात गोळी पडल्याचा आवाज झाला. मावशी खाली बसली. संध्याकाळपर्यंत तिने एकही मासा काढला नाही, दोरीवर बोट ठेवून नुसती हसत होती.

पुढच्या शनिवारी तेच झालं. त्याच्या पुढच्याही. आधी ओडिलोन यायचा थांबला. मग निकानोरने गुडघा दुखतो म्हणून कळवलं. मावशीला मी म्हटलं, आपणही जरा थांबू या का. ती म्हणाली, “गाडी काढतेस की चालत जाऊ?”

काल आम्ही दोघीच होतो. धुकं नव्हतं, लख्ख ऊन होतं. मावशी म्हणाली, “रेमिहिया.” मीच ‘टाक’ म्हणणार, तेवढ्यात ते आलं. पण दोराच्या अलीकडून, आमच्या फळीवरून.

“टाक.”

फळीवर कुणी नव्हतं. फळी मात्र ओली झाली होती. मावशी माझ्याकडे सरकली, जागा करून दिली.

“किती गारठलायस,” ती म्हणाली. “चल, घरीच जाऊ.”

तिने गळ गुंडाळला आणि गाडीपाशी आल्यावर मला मागचं दार उघडायला सांगितलं. मी उघडलं. गाडी मागे जराशी दबली. मावशीने हाताने चाचपडत दार लावून घेतलं आणि पुढे माझ्या शेजारी येऊन बसली.

“सावकाश चालव,” ती म्हणाली. “त्याला गाडी लागते.”

मी मागचं दाखवणारा आरसा वर फिरवला आणि गाडी चालू केली.