जुना म्हणजे जुनं न्हाई

शिवकन्येचं नाव कुणी खराब केलं ते मला ठावं हाय, अन् मी ते सांगणारच. ज्याला झोंबायचं त्याला झोंबू द्या.

मी वंदना. आमच्या दवाखान्याच्या दोन इमारती, एक जुन्या जालन्यात, एक नव्या जालन्यात, मधी नदी. मी जुन्यातल्या काउंटरवर केसपेपर काढते. बोलताना आम्ही कुणी पुरं नाव घेत न्हाई. "पेशंटला जुन्यात पाठवा", "नव्यात खाट रिकामी हाय", असंच चालतं. रिक्षावाल्याला बी तेवढंच सांगा, बराबर आणून सोडतो.

शिवकन्या हसनाबादची. घर मूळचं मेंढरं राखणाऱ्यांचं. बाप रायभान आता थोडी शेती अन् बाकी मजुरी करतो. पोरगी कॉम्प्युटर शिकली अन् आमच्या सर्व्हरच्या खोलीत लागली. पहिल्याच दिवशी व्यवस्थापक बद्रीनाथ सायबानं तिला विचारलं, "बाई, वायरी ओढता येतील का?" ती म्हणली, "वायरी कमी करायलाच आले, सर." मला तवाच आवडली.

तिनं काय केलं ते तिनंच मला डबा खाताना समजावून सांगितल्तं. आमचे तीन सर्व्हर. एकेकाच्या पोटात चार-पाच मशिनी चालतात, खऱ्या न्हाईत, नुसत्या सॉफ्टवेअरच्या. एक लॅबची, एक केसपेपरची, अशा. त्यांना जोडायला प्रत्येक सर्व्हरात एक स्विच, तो बी सॉफ्टवेअरचाच. काही बदलायचं म्हणलं की तीन ठिकाणी बदला, एक राह्यलं की बोंब. हिनं तिन्ही सर्व्हरवर मिळून एकच स्विच पसरला. एका जागी बसून सांगा, तिन्हीकडं लागू. मंग त्या स्विचवर दोन वाटा काढल्या, पोर्ट ग्रुप म्हणतात त्याला. जुन्या इमारतीच्या मशिनी एका वाटेवर, नव्याच्या दुसऱ्या. वाट चुकली की मशीन आपल्या इमारतीला दिसतच न्हाई. वाटांना नावं दिली, जुना अन् नवा. दुसरं काय देणार? आम्ही सगळे तेच म्हणतो.

मंग तिच्या बहिणीचं, रेणूचं लग्न निघालं. रजा रीतसर मंजूर. नेमका हळदीच्या दिवशीच कल्याण म्हणून पुण्याचा एक जाणकार, ज्याला सायब अधूनमधून तपासणीला लावतात, तिकडूनच आमच्या स्विचमध्ये शिरला. मी कामानिमित्त सायबाच्या केबिनमध्ये उभी होते. फोन स्पीकरवर. कल्याण विचारतो, "सर, इथे जुना आणि नवा असे दोन ग्रुप आहेत. जुन्यावर अजून बऱ्याच मशिनी दिसतात. सगळ्या नव्यावर घेऊन टाकू का?"

त्याला वाटलं जुना म्हणजे मोडीतला. त्याच्यावर माझा राग न्हाई. परगावचा माणूस, पण विचारलं तरी त्यानं. सायब भेळ खाऊन राह्यल्ते. मान वर न करता म्हणले, "हो हो, जुनं कशाला ठेवता? उरकून टाका जल्दी." हा माणूस जुन्या जालन्यात जन्मला, आज्याचं कापडाचं दुकान अजून तिथंच हाय, अन् याला जुना कळू नये?

मी काउंटरवर परत येते तं स्क्रीन कोरी. कुणाचं नाव न्हाई, कुणाचा रिपोर्ट न्हाई. मंठ्याच्या उषाबाई डायलिसिसला आल्त्या. रक्ताचा रिपोर्ट दिसल्याबिगर डॉक्टर मशीन लावायला तयार न्हाईत, अन् त्या बाईला बसवत बी नव्हतं. मंग लॅबचा माणूस रिपोर्ट हातानं लिहून पळत आला, तवा कुठं त्यांना मशीनवर घेतलं. बाकीची रांग मला शिव्या देऊन राह्यली, अन् मी कुणाला देऊ?

मी फोन लावला तशी शिवकन्या मोटारसायकलवर बापाच्या मागं बसून आली. तोंडाला हळद तशीच. स्क्रीनकडं बघून एवढंच म्हणली, "जुन्याच्या मशिनी नव्यावर कुणी नेल्या?" सायब म्हणले, "ते मंग बघू, आधी चालू कर." तिनं सगळ्या मशिनी निवडल्या अन् एकदाच माघारी जुन्यावर आणल्या. माझ्या काउंटरवर येऊन, सगळी नावं दिसून राह्यली का ते पाहून मंगच गेली. घरी पोचली तं हळद उरकल्ती.

बहिणीचं लग्न उरकून कामावर आली तं सायबाचा कागद तयार. 'मी चुकीची नावं दिल्यामुळे बिघाड झाला, त्याची जबाबदारी माझी.' सही कर, न्हाईतर काम सोड. मालक डॉक्टर साहेबराव समोर बसले होते. शिवकन्या म्हणली, "नावं मी दिली, ते लिहिते. परक्याला कळतील अशी पाहिजे होती, ते बी लिहिते. पण मशिनी हलवायला हो कुणी म्हणलं, ते बी लिहिते." सायब म्हणले, शेवटचं नको. मी दारातूनच बोलले, "फोन मी ऐकलाय." सायब म्हणले, "तुम्ही काउंटर सांभाळा." अन् डॉक्टरांनी मोबाइल बघायला घेतला.

तिनं सही केली न्हाई. गळ्यातलं कार्ड काढून टेबलावर ठेवलं अन् गेली. चोर सोडून संन्याशाला फाशी, ते माझ्या डोळ्यादेखत झालं. तळपायाची आग मस्तकात गेल्ती माझी.

मागच्या आठवड्यात सायबानं अहवाल फिरवला. 'काम सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याची चूक.' गेलेल्या माणसाच्या नावावर काय बी खपतं. खाली साक्षीदार म्हणून माझी सही पाहिजे होती. सगळ्यांनी केल्ती, मीच राह्यल्ते. मी पेन घेतला अन् सहीच्या जागी लिहिलं, 'मशिनी हलवायला बद्रीनाथ सायबांनीच हो म्हटलं. मी समोर उभी होते. वंदना.' अहवाल शिपायाच्या हाती दिला न्हाई. स्वतः नेऊन डॉक्टरांच्या हातात ठेवला. त्यांनी वाचला अन् घडी घालून खिशात ठेवला. आता काढायचं तं काढा म्हणावं.

रात्री शिवकन्येचा फोन आला, कुणीतरी सांगितल्तं तिला. "ताई, माझ्यासाठी कशाला तुमची नोकरी घालवता?"

मी म्हणले, "तुझ्यासाठी न्हाई केलं, बाई. तू सुटलीस. मला तिथं रोज बसायचंय."