मावशीने धुतलेली सही

आमच्या गल्लीत पक्की बातमी आहे की माझी मावशी लाँड्रीतून फुटबॉलवाल्यांचे शर्ट ढापते. समोरच्या काकू डोळे मोठे आणि आवाज बारीक करून सांगतात, "हँगरला टांगलेला मी स्वतः पाहिलाय हो!"

टांगलेला आहे, खरंय. पण तो फुटबॉल क्लबच्या गोलकीपरने स्वतः तिला दिलेला, छातीवर सही करून. मावशी वीस वर्षं क्लबचे कपडे धुते. शर्ट हातात आला, बाहीवर चिखल दिसला, आणि आनंदाच्या भरात तिने सवयीने तो भिजत घालून खसाखसा घासला. चिखल गेला, सहीही गेली. तेव्हापासून ती इस्त्रीच्या शर्टात घालतात त्या पुठ्ठ्यांवर सह्या घेते. "पुठ्ठा काही माझ्या हातून धुतला जायचा नाही." असे त्रेपन्न पुठ्ठे पत्र्याच्या डब्यात आहेत, कुठली सही कुठल्या सामन्यानंतरची, झोपेतून उठवून विचारा. पण जीव अडकलाय तो सही गेलेल्या त्या कोऱ्या शर्टात.

गेल्या आठवड्यात तोच गोलकीपर, आता निवृत्त, मैदानावर येणार होता. लोक सह्या विकतात म्हणून हल्ली तो कुणालाच सही देत नाही. मी म्हटलं, "मावशे, हात हलवत परत येशील. लाव पैज!"

"लावली. हरलीस तर आठवडाभर संघाचे मोजे तू सुलटे करायचे."

फाटकाशी पन्नास पेनं पुढे झाली. तो मान खाली घालून निघाला. मावशीने नुसता शर्ट पुढे धरला.

"साहेब, तुमची सही मी धुतली."

तो थांबला. "पक्क्या शाईची होती ती!" आवाज असा, जणू रिकाम्या पिंपातून बोलतोय.

"असेल. आमच्याकडे डाग राहत नाही."

तो खो खो हसला. "पुन्हा केली तर धुणार नाही ना?"

'नाही' म्हण, म्हणून पैज विसरून मीच तिला मागून चिमटा काढला. मावशी विचारात पडली.

"शब्द कसा देऊ, साहेब? हात माझं ऐकत नाही."

त्याने शेजारच्याचं पेन ओढून घेतलं आणि सही ठोकली. "धुतलीत तर परत या."

बावीस खेळाडू, चव्वेचाळीस मोजे, प्रत्येकाच्या टोकाशी चिखलाचा गोळा. आज तिसरा दिवस. मावशी खुर्ची टाकून समोर बसलीये. "हात पार मोज्याच्या अंगठ्यापर्यंत घाल गं, लाजतेस काय!"