तांदळाएवढं मलम

आमच्या दाजींना ट्यूब पिळताना ज्याने पाहिलं नाही, त्याने कसबी हात पाहिलाच नाही, असं मी आजही म्हणते. हसायचं त्याने खुशाल हसावं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांचं दुकान फुटक्या वस्तूंचं. कुणाच्या किटलीचं नाक तुटलं, कुणाच्या चिनीमातीच्या बाहुलीचं मुंडकं उडालं, कुणाच्या दिव्याच्या काचेला तडा गेला, की ते सगळं कागदात गुंडाळून त्यांच्या टेबलावर यायचं. शेजारच्या गाळ्यात माझं शिवणयंत्र, आणि वरच्या मजल्यावर आम्हा तिघांचं बिऱ्हाड. मी कपडे आखूड करते, सैल करते, चेन बदलून देते. मधली भिंत इतकी पातळ की मी गिऱ्हाइकाशी भांडले की पलीकडून आवाज यायचा, "तोफ सुरू झाली वाटतं." तोफ म्हणजे मी. लग्नात त्यांचे बूट लपवून भरमांडवात वाद घातला, तेव्हापासूनचं नाव. जन्मात सुटायचं नाही.

त्यांचा चिकटवायचा लगदा दोन ट्यूबांतून यायचा. एकीतून जेवढा घेतला तेवढाच दुसरीतून घ्यायचा आणि मग कालवायचा. एक रेघ जरा जाड झाली तर सांधा मऊ राहणार आणि कपाचा कान एक दिवस गरम चहासकट मांडीवर येणार. दाजी एका फरशीच्या तुकड्यावर दोन रेघा ओढायचे. दोऱ्यासारख्या, शेजारी शेजारी, आणि दोन्ही एकाच जागी संपणाऱ्या. कधी शेपूट राहिलं नाही, कधी थेंब सांडला नाही. मी सुई हातात धरून पोट भरणारी बाई, मला सरळ रेघेची किंमत कळते. मी नुसती बघत राहायचे.

"पिळायला काय, गाढवाने पाय दिला तरी ट्यूब पिळली जाते," ते म्हणायचे. "थांबवता आलं पाहिजे. आणि थांबायचं ठरवलंस की तेव्हा उशीर झालेला असतो. आतला माल आपल्या मनाने आणखी जरासा येतोच. तो 'जरासा' आधीच धरायचा."

त्यांच्या हाताची मला असूया वाटायची. कौतुक वाटायचं असं म्हणणं जास्त बरं दिसलं असतं, पण खरं ते खरं.

मग एका सकाळी दुकानातच त्यांना अर्धांगाचा झटका आला. भिंतीपलीकडे काहीतरी पडल्याचा आवाज आला आणि नेहमीसारखा मागून शब्द आला नाही, तशी मी यंत्र तसंच सोडून पळाले. जीव वाचला. पाय हळूहळू काठीच्या आधाराने चालू लागला. बोलणं जरा जड झालं, पण कळायचं. उजव्या हाताने मात्र साथ सोडली. म्हणजे लुळा पडला असता तर एक वेळ समजलं असतं. तो मूठ वळायचा आणि सोडायचा नाही. पेला धरला की धरला, मग डाव्या हाताने एकेक बोट उलगडून तो काढायचा. घट्ट आणि सैल यांच्या मधलं जे काही असतं, ज्यावर त्या माणसाचं सगळं आयुष्य उभं होतं, तेवढंच नेमकं गेलं. घरी आल्यावर त्यांनी एकदा ट्यूब हातात घेऊन पाहिली. अर्धी ट्यूब टेबलावर. त्यांनी फडक्याने टेबल पुसलं आणि दुकानाची किल्ली माझ्याकडे दिली.

संकटं एकेकटी येत नाहीत म्हणतात, ते काही खोटं नाही. त्यांना झटका आला त्याच दिवसांत, ताई दवाखान्यात भेटायला जायच्या आधीच, तिचा डोळा गेला. गेला म्हणजे जायच्या वाटेला लागला. ताईचा डावा डोळा लहानपणीच गेलेला, खेळताना काडी लागून. सगळा संसार तिने उजव्या डोळ्यावर केला. त्याच डोळ्याच्या बुबुळावर आता जखम झाली. आधी लाल झाला, मग सगळं धुरकट, मग समोर माणूस उभं आहे एवढंच कळायचं, कोण ते आवाजावरून.

डोळ्यांची डॉक्टरीण शहाणी बाई. तिने काही लपवलं नाही. म्हणाली, "मलम देते. दिवसातून पाच वेळा, खालच्या पापणीच्या आत, तांदळाच्या दाण्याएवढं. कमी पडलं तर जखम भरणार नाही. जास्त झालं तर बाहेर ओघळेल, या पुसायला जातील, डोळा चोळला जाईल आणि जखम पुन्हा उघडेल. हा डोळा गेला तर दुसरा नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको."

ते काम अर्थातच माझ्याकडे आलं. मी म्हटलं, त्यात काय मोठंसं. मी रोज सुईत दोरा ओवते. पण घोडं अडलं ते भलत्याच ठिकाणी. डोळ्याजवळ काहीही आलं की ताईची पापणी घट्ट मिटायची. ती काडी तिच्या अंगातून गेलीच नव्हती. मी म्हणायचे, "ताई, उघड." ती म्हणायची, "उघडलाय की." आणि डोळा मिटलेला. मी घाई करायचे, मलम पापणीच्या केसांवर. मी आवाज चढवायचे, मलम गालावर. सकाळी सिस्टर येऊन एकदा नीट घालून जायची, तेवढंच काय ते आत जायचं. बाकी सगळं पालथ्या घड्यावर पाणी. पुढच्या तपासणीला डॉक्टरीण म्हणाली, जखम आहे तेवढीच आहे. तेवढं वाक्य मला रात्रभर पुरलं.

घरी आल्यावर ताई म्हणाली, "यांना घालू दे."

मी म्हटलं, "अगं, त्यांचा हात..."

"मला माहीत आहे त्यांचा हात. तू घाबरतेस, मग मी घाबरते. ते घाबरत नाहीत."

दाजी खुर्चीत बसून ऐकत होते. ते घाबरले होते. त्यांच्या कपाळावर घाम मी पाहिला, ताईला कुठून दिसणार. ते म्हणाले, "नाही जमायचं मला. भलतंच काही झालं तर?" आणि उठून आत गेले. मला राग आला. सरळ सांगते, अंगाचा तिळपापड झाला. बायको आंधळी होतेय आणि हा माणूस आत जाऊन बसतो म्हणजे काय? मी तरातरा मागे गेले, दोन शब्द सुनवायचेच म्हणून.

आत गेले तर दाजी पलंगावर बसलेले, आणि माझी हाताला लावायच्या क्रीमची ट्यूब त्यांच्या मांडीवर. ताईचा केसांत खोवायचा आकडा त्यांनी ट्यूबच्या चपट्या शेपटीवर सरकवला होता, एक तार वरून, एक खालून. ट्यूब उजव्या मुठीत अडकवलेली. डाव्या हाताने ते आकडा फिरवत होते. शेपूट गुंडाळली जात होती आणि तोंडातून क्रीम येत होती. जरा जास्तच आली. त्यांनी आकडा किंचित उलटा फिरवला, तशी ती थांबली.

"पिळायचं नाहीच," ते जड जिभेने म्हणाले. "ही मूठ पिळणारच नाही. ही नुसती धरून ठेवणार. तेवढं तिला येतं."

दोन शब्द सुनवायचे राहून मी त्यांच्या मांडीवर सांडलेली क्रीम पुसून घेतली.

मग आमच्या घरात जे चाललं ते बघून कुणीही म्हटलं असतं, ही माणसं बिघडलीत. दाजी जेवायच्या टेबलावर, समोर पांढरी बशी, आणि बशीभर माझ्या क्रीमचे दाणे. आधी हरभऱ्याएवढे, मग मुगाएवढे, मग लांबट तांदळासारखे. ताई शेजारी बसून विचारायची, "आत्ताचा कसा झाला?" आणि मी परीक्षकासारखी सांगायचे, "फुगलाय. याचा भात चिकट होईल." दाजी बशी पुसून पुन्हा बसायचे. त्या माणसाच्या चिकाटीला तोड नव्हती. ज्या हाताने नाव कमावलं तो हात मेला, आणि हा गृहस्थ पुन्हा बिगरीत जाऊन बसला, तेही मेहुणीची टिंगल सोसत.

शेवटी क्रीमचे दाणे एकसारखे पडायला लागले आणि दाजी म्हणाले, आता खरं मलम. ताईला खिडकीपाशी बसवलं, मानेखाली उशी दिली. तिनेच आपल्या बोटाने खालची पापणी ओढून धरली. "वर बघ," दाजी म्हणाले. आणि काय सांगू, ताईने डोळा मिटला नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. दाजींनी आकडा फिरवला आणि मलम आलं ते पाण्यासारखं. डोळ्यातून भरून थेट गालावर, गालावरून कानात.

ताई डोळा न पुसता तशीच बसली, हात मांडीवर घट्ट धरून. मग म्हणाली, "डोळ्यांत तेल घालून जपतात म्हणतात, ते हेच का?"

मी हसले. दाजी हसले नाहीत. ते ट्यूबकडे बघत होते. मुठीत ती केव्हाची धरलेली होती, एकदा वळलेली मूठ सुटत नाही म्हणून. माझी क्रीम उबेला दाद देत नव्हती, पण हे मलम म्हणजे तुपाची जात, मुठीच्या उबेने आत वितळून गेलं होतं. दुसऱ्या कुणाच्या हातून ही चूक झालीच नसती. दुसऱ्या कुणाची मूठ एवढा वेळ मिटलेली राहत नाही.

"दुकान उघड," त्यांनी मला सांगितलं. "टेबलाखालच्या खोक्यात छोटे लाकडी चिमटे आहेत. सांधा सुकेपर्यंत लावून ठेवायचे. त्यातला लांब दांड्याचा आण."

आणला. चिमट्याच्या तोंडात ट्यूबची मान, दांडा मुठीत, आकडा डाव्या हातात. मलम आता हाताला लागतच नव्हतं. त्यांनी पहिला कण स्वच्छ कापसावर पुसून टाकला. ताईने पापणी ओढली. मी कापूस धरून उभी. आकडा जेमतेम पाव फेरा फिरला, पापणीच्या आत एक पांढरी बारीक रेघ पडली, आणि लगेच आकडा उलटा. रेघ तुटली. बाहेर काही नाही.

"मीट आता," दाजी म्हणाले. "सावकाश."

ताईने विचारलं, "घातलंत?" तिला कळलंसुद्धा नव्हतं.

दाजींनी मग एकही वेळ चुकवली नाही. मी घालते म्हटलं तरी द्यायचे नाहीत. जखम भरत चालली. डॉक्टरणीने तपासून मान हलवली आणि विचारलं, घरी कोण घालतं. ताई म्हणाली, "हे घालतात," आणि अशी काही ऐटीत बसली की जणू डॉक्टरकीची पदवी तिलाच मिळाली.

पण जसजसं ताईला दिसायला लागलं, तसे दाजी गप्प होत गेले. आधी तिला खिडकीची चौकट दिसली, मग माझ्या साडीचा रंग. त्या दिवशी दाजी मला जिन्यात म्हणाले, "तिने मला बघितलेलं नाही अजून. झटक्यानंतरचं. हे असं." आणि त्यांनी तोंडाच्या उजव्या, उतरलेल्या कोपऱ्याला बोट लावलं.

 तो ओठ लोंबायचा, त्या बाजूचा गाल ओघळलेला, आम्हाला सवय झाली होती. ताईने या माणसाला पाहिलं ते देखण्या चेहऱ्याचं. आणि हा माणूस रोज स्वतःच्या हाताने, दाण्यादाण्याने, तिला तो चेहरा दिसायचा दिवस जवळ आणत होता. एक दाणा कमी घातला असता तरी कुणाला कळलं नसतं. त्यांनी तो कधी कमी घातला नाही. मला तेव्हा त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, पण आमच्यात ती पद्धत नाही. मी म्हटलं, "दाजी, जेवायला चला."

डॉक्टरणीने मलम बंद केलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी वर गेले, तर ताई दाजींसमोर खुर्ची ओढून बसली होती. अगदी जवळ. ती त्यांच्याकडे बघत होती आणि ते खाली. उजव्या गालावर त्यांचे पांढरे खुंट वाढलेले, डावा गाल गुळगुळीत.

"दाढी एकाच बाजूची करता?" ताईने विचारलं.

"हाताला लागते तेवढी करतो."

"आरशात बघून करायची की."

दाजींनी मान आणखी खाली घातली. ताईने मान वळवून न्हाणीघराच्या दाराकडे पाहिलं. तिथला आरसा भिंतीकडे तोंड करून टांगलेला होता. मी रोज तिथून जायचे, माझ्या कधी लक्षात आलं नाही. तो तसा केव्हापासून होता, देव जाणे.

मी पुढे झाले. म्हटलं, "थांब, सरळ करते."

"राहू दे," ताई म्हणाली. तिने पाण्यात दाढीचा ब्रश बुडवला, दाजींची हनुवटी धरली आणि वाकडी बाजू उजेडाकडे वळवली. "तुम्हाला नसेल बघायचं तर नका बघू. मला दिसतंय."